मी फिरवणार



मी वडोदऱ्याहून आलोय. आम्ही घरात अजून बडोदाच म्हणतो. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात कारकून म्हणून तिकडे गेले आणि आम्ही तिथलेच झालो. घरात मराठी, बाजारात गुजराती, कामावर हिंदी, अशा तीन खिशांत तीन भाषा घेऊन आम्ही फिरतो. शिक्षण कलाभवनात, म्हणजे आताच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत. दादासाहेब फाळके शिकले ते हेच कलाभवन. त्यांनी सिनेमा काढला, मी कन्व्हेअर काढले. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझं छोटं वर्कशॉप आहे. बिस्किटांचे पुडे, औषधांची खोकी ज्या रोलरवरून पुढे सरकतात ते रोलर आम्ही बनवतो.

आज मात्र मी एका चित्राबद्दल बोलणार आहे. मागे पडद्यावर दिसतंय ते. स्केचपेनने काढलंय, कडेला चहाचा डाग आहे, तो माझा.

मध्ये एक मोठी गोल चकती. कडेने चार मुलं बसलीत, सगळ्यांचे दात दिसतायत. चकतीच्या बरोबर मध्यभागी व्हीलचेअरवर एक मुलगी. तिच्या खुर्चीच्या चाकापासून एक जाड लाल बाण निघून चकतीच्या कडेपर्यंत गेलाय आणि बाणावर गुजरातीत लिहिलंय, 'हुं फेरवीश'. म्हणजे, मी फिरवणार.

हे चित्र काढणारी मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिच्या घरच्यांशी ठरलंय की नाव घ्यायचं नाही. तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणतो, त्यामुळे आमच्या वर्कशॉपमध्येही सगळे तिला ताईच म्हणतात. साठीचे मिस्त्रीकाकासुद्धा. जन्मापासून कमरेखाली तिला संवेदना नाही. हात मात्र दणकट आहेत, खुर्ची तीच चालवते.

आमची ओळख कशी झाली ते सांगतो, आणि त्यात माझी काही शोभा नाही. तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. गुणांच्या तक्त्यात एक रकाना होता, 'चालते मॉडेल'. कोणी ज्वालामुखी आणला होता, कोणी पवनचक्की. ताईने हे चित्र भिंतीला चिकटवलं होतं. मॉडेल नव्हतं, म्हणून त्या रकान्यात मी शून्य लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेलो.

बक्षीस समारंभ संपल्यावर तिची आजी मला गाठायला आली. मला वाटलं, आता मार्कांवरून बोलणार. आजी म्हणाल्या, "मार्कांचं राहू द्या. हे होऊ शकतं का, तेवढं सांगा." मी सभ्यपणे म्हटलं, "हो, का नाही? होऊ शकतं." शेजारून ताईने विचारलं, "कधी?"

कारखानदार माणूस आहे, 'कधी' हा प्रश्न रोज ऐकतो. पण त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. चित्र घडी करून खिशात घातलं आणि घरी आलो.

पुढच्या रविवारी वर्कशॉपमध्ये आम्ही तिघं बसलो. मी, मिस्त्रीकाका आणि नुकतीच डिझाइनला लागलेली एक तरुण इंजिनिअर. कुठलंही काम घेताना आम्ही आधी फळ्यावर एका वाक्यात गरज लिहितो. मी खडू घेतला आणि लिहिलं, 'व्हीलचेअरसकट बसता येईल अशी चक्री.' सगळ्यांनी माना डोलावल्या. चित्र समोर टेबलावर होतं. बाणही समोर होता.

मग आम्ही अभ्यास केला. अशी खेळणी जगात आहेत. अमेरिकेत सॅन अँटोनिओला २०१० मध्ये सुरू झालेलं मॉर्गन्स वंडरलँड हे उद्यान दिव्यांग मुलांना सगळ्यांबरोबर खेळता यावं या हेतूनेच उभं केलेलं आहे. आपल्याकडे बेंगळुरूत 'किलिकिली' नावाच्या पालकांच्या संस्थेने कोल्स पार्कपासून सुरुवात करून सार्वजनिक बागांत सगळ्या मुलांसाठी जागा तयार केल्या. ऑस्ट्रेलियात 'लिबर्टी स्विंग' नावाचा व्हीलचेअरचा झोपाळा आहे. त्याची गोष्ट लक्षात ठेवा, मी परत तिकडे येणार आहे. हा झोपाळा फार वजनदार असतो. जोरात येताना समोर एखादं मूल आलं तर मोठी इजा होईल. म्हणून त्याच्याभोवती कुंपण असतं आणि फाटकाला कुलूप. किल्ली आणायची, कुलूप उघडायचं, झोका घ्यायचा. कारण पटण्यासारखं आहे. मलाही पटलं.

आमच्या चक्रीचा पहिला प्रश्न होता चढायचं कसं. रॅम्पचा उतार १ : १२ पेक्षा जास्त नसावा, असं आपली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. म्हणजे फूटभर उंच चकतीवर जायला बारा फुटांचा रॅम्प. त्यापेक्षा चकतीच जमिनीच्या पातळीत बसवायची असं ठरलं. खाली खड्डा, खड्ड्यात बेअरिंग, वर २.४ मीटर व्यासाची चकती. चकती आणि जमीन यांच्यातल्या फटीवर आम्ही दोन रविवार घालवले. खेळण्यांच्या ईएन ११७६ या युरोपीय मानकात बोट, डोकं, कपडे अडकण्याच्या वेगवेगळ्या चाचण्या आहेत. आम्ही फट ६ मिलिमीटरवर आणली, करंगळीही जाऊ नये म्हणून.

खुर्ची आम्ही कडेला बसवली. आत जायला सोपं, बाहेर यायला सोपं. बाजारातल्या अशा चक्र्यांमध्येही खुर्चीची जागा बऱ्याचदा कडेलाच असते. चार पट्ट्यांनी ती बांधायची, बाकीच्यांनी दांड्याला धरून ढकलायचं. मुलांच्या जागी सिमेंटची पोती ठेवून आम्ही चाचण्या घेतल्या. चक्री मुलायम फिरत होती. रोलरवाल्यांची चक्री, कुरकुरणार कशी?

ताईला बोलावलं. आजी, आई-बाबा, भाऊ, शेजारची चार मुलं, सगळे आले. ताई आत गेली, पट्टे लावले, मुलांनी ढकललं. दोन मिनिटं ती फिरली. आम्ही टाळ्या वाजवल्या. आजींच्या डोळ्यांत पाणी. मिस्त्रीकाकांनी पेढे आणले होते.

ताई म्हणाली, "झालं? उतरू?"

मी विचारलं, "काय गं, आवडली नाही?"

"छान आहे काका. पण मी यात काहीच करत नाहीये. मला तर सगळे असंही ढकलतातच."

पेढ्याचा पुडा मिस्त्रीकाकांच्या हातात तसाच राहिला.

ती गेल्यावर मी घडी केलेलं चित्र परत उघडलं. इतके महिने माझ्यासमोर होतं. त्यात सगळ्यात जाड, सगळ्यात लाल काय होतं? बाण. त्यावर शब्दही लिहिलेले होते. तिने यंत्राचा कर्ता सांगितला होता आणि मी फळ्यावर जे वाक्य लिहिलं त्यात कर्ताच नव्हता. 'बसता येईल अशी चक्री.' बसणं एवढंच तिच्या वाट्याला. बसूनच तर असते ती दिवसभर!

आता तो लिबर्टी स्विंग आठवा. कुंपण मी लोखंडाचं केलं नव्हतं, पण मनात केलं होतं. दिव्यांग मूल म्हणजे ज्याला सांभाळायचं, बांधायचं, फिरवून आणायचं ते मूल, असं मी धरून चाललो होतो. खेळणाऱ्या मुलाला काय लागतं, हा विचार त्या कुंपणाबाहेर राहिला.

आम्ही फळा पुसला. नवं वाक्य तरुण इंजिनिअरने लिहिलं : 'ताई चक्री फिरवते, बाकीचे बसतात.'

आणि मग एक गंमत झाली. चित्रात खुर्ची मध्यभागी होती. तिथे का, असं विचारलं तर ताई म्हणाली, "सगळे दिसतात ना!" तिच्या दृष्टीने विषय संपला. पण आम्ही गणित मांडलं तेव्हा चाटच पडलो. फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व केवळ वजनावर ठरत नाही. वजन केंद्रापासून किती लांब आहे त्या अंतराच्या वर्गावर ते ठरतं. मूल आणि खुर्ची मिळून ४५ किलो धरा. केंद्रापासून एक मीटरवर, म्हणजे आम्ही ठेवली होती तशी कडेला, ती खुर्ची चक्रीला जितकी जड पडते, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी मध्यभागी पडते. सगळ्यात जड वस्तू मध्यात ठेवणं हेच शहाणपणाचं होतं. तिला मैत्रिणींचे चेहरे बघायचे होते आणि भौतिकशास्त्र तिच्या बाजूने निघालं.

दुसरा प्रश्न, नऊ वर्षांच्या मुलीला चार मुलांसकट चक्री फिरवणं झेपेल का? आमच्या चकतीचं वजन दीडशे किलो. ऐकायला अशक्य वाटतं. पण तिला उचलायचं नाही, फिरवायचं आहे. चार मुलांसकट चक्री थांबलेल्या स्थितीतून साडेसात सेकंदांत एक फेरी या वेगापर्यंत आणायला साधारण ८० ज्यूल ऊर्जा लागते. आठ किलोचं दप्तर जमिनीवरून उचलून मीटरभर उंच टेबलावर ठेवा, तेवढीच. आणि ती एकदम द्यायची नाही. दहा-बारा ढकलण्यांत थोडी थोडी द्यायची. घर्षणाचे चार जास्त धरा. रोज शाळेच्या आवारात खुर्ची चालवणाऱ्या हातांना हे जड नाही.

मग रचना अशी ठरली. खुर्चीची मागची दोन चाकं दोन रोलरांच्या मधल्या खोबणीत बसतात. ताई चाकं फिरवते, चाकांमुळे रोलर फिरतात. रोलरचा शाफ्ट चकतीच्या खाली कडेपर्यंत जातो. तिथे एक रबरी चाक आहे, ते खड्ड्यातल्या पक्क्या गोल पट्टीवर धावतं आणि चकतीला पुढे ओढतं. थोडक्यात, चकती ही स्वतःभोवती फिरणारी गाडी आणि ताई तिचं इंजिन. रोलर बनवण्यात आमची हयात गेली. वीस वर्षं आम्ही खोकी पुढे सरकवण्यासाठी रोलर केले, पहिल्यांदाच असा केला की वरची वस्तू जागेवर राहते आणि बाकीचं जग फिरतं.

पहिल्याच दिवशी अपघात झाला. चूक माझी. ताईने जोर लावला, चक्रीने वेग घेतला, तिने हात थांबवले. पण चक्री फिरतच होती, त्यामुळे रोलर फिरत होते आणि त्यांनी तिच्या खुर्चीची चाकं उलट तिच्याच हाताखाली फिरवली. अंगठ्याला फटका बसला. नख काळंनिळं झालं. मी घाबरलो. तिच्या बाबांसमोर मान वर करवेना. काम बंद करू या, असं मीच म्हणालो.

ताई अंगठा तोंडात धरून म्हणाली, "सायकलचं पेडल असं मारत नाही. तुम्ही पाय थांबवला तरी सायकल जाते."

मिस्त्रीकाका माझ्याकडे बघून हसले. सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पेडल मारलं तर चाक फिरतं, पेडल थांबवलं तरी चाक आपलं जात राहतं, कटकट आवाज करत. पुढच्या चौकात सायकलवाल्याकडे ते मिळतं. जिने आयुष्यात सायकलवर पाय ठेवला नव्हता तिने आम्हाला हे सांगितलं, कारण तिने दुसऱ्यांना सायकल चालवताना नीट बघितलं होतं. बघणाऱ्याला पुष्कळ कळतं. आता तिला नुसतं बघायचं नव्हतं.

फ्रीव्हील बसलं. त्यानंतर ब्रेक आला. ब्रेक दाबला की रोलर जखडले जातात, म्हणजे खुर्ची खोबणीतून बाहेर काढता येते, नाहीतर चाकं तिथल्या तिथेच फिरत राहिली असती. कितीही जोर केला तरी कडेचा वेग झपझप चालण्याच्या वेगापुढे जात नाही, असं गुणोत्तर ठेवलं.

शाळेने मैदानाचा एक कोपरा दिला आणि चक्री तिथे गेली. पहिल्या आठवड्यात मला बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मुलांची तक्रार आहे." माझ्या पोटात गोळा. "काय झालं?" तर म्हणे, "ती थांबवतच नाही. मुलं 'बस, बस' ओरडतात आणि ही आणखी जोरात फिरवते." मी फोन ठेवला आणि वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगितलं. इतक्या वर्षांत ग्राहकाची तक्रार ऐकून आम्ही पहिल्यांदाच चहा मागवला असेल!

याच्यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या शाळेत आणखी एक मुलगा खुर्चीवर येतो. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याचे हात त्याचं ऐकत नाहीत. चाक ढकलणं त्याला शक्य नाही. आमचं यंत्र त्याच्या काहीच कामाचं नव्हतं. मी आणि तरुण इंजिनिअर मोटर लावण्याच्या गोष्टी करायला लागलो. बॅटरी, बटण, पावसाचं पाणी, विजेचा धोका. तासभर चर्चा चालली होती.

ताई म्हणाली, "त्याला थांबवायला द्या ना."

"म्हणजे?"

"मी फिरवीन. कधी थांबायचं ते तो ठरवेल."

आम्ही एक मोठी, मऊ गादी लावलेली दांडी केली. हात, कोपर, खांदा, काहीही टेकलं तरी चालतं. दांडी हलली की घंटा वाजते आणि ब्रेक हळूहळू लागतो. कडेला त्याच्या खुर्चीसाठी जागा केली, आमची पहिल्या प्रयत्नातली जागा शेवटी अशी कामाला आली. तो पहिल्यांदा बसला तेव्हा त्याने तीन फेऱ्या होऊ दिल्या आणि मग दांडीला कोपर टेकवलं. घंटा वाजली. चक्री थांबली. सगळी मुलं ओरडली, "अरे!" तो इतका हसला की खुर्ची हलत होती. मग पुन्हा थांबवली. मग पुन्हा. एका दुपारी त्याने अठ्ठावीस वेळा चक्री थांबवली, बाईंनी मोजलं. ताई वैतागली. दोघांचं भांडण झालं. मधल्या सुट्टीत दोन मुलांचं खेळण्यावरून भांडण होणं, यापेक्षा साधी गोष्ट जगात कुठली असेल? त्या मुलाच्या आईने मला सांगितलं की शाळेतलं हे त्याचं पहिलं भांडण.

मुलांच्या कल्पना घेऊन त्या प्रत्यक्षात आणायचं काम आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर होतं. आमच्याजवळ गांधीनगरला नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन आहे, २००० साली सुरू झालेलं. मुलांच्या कल्पनांसाठी डॉ. कलामांच्या नावाची 'इग्नाइट' स्पर्धा त्यांनी चालवली. पाटण्याच्या एका शाळकरी मुलीने आजोबांना जिना चढता यावा म्हणून पुढचे पाय कमी-जास्त होणारा वॉकर सुचवला होता. तिथल्या लोकांनी तो प्रत्यक्षात उतरवला. आजोबांना उचलून वर न्यायची सोय करा, असं तिने म्हटलं नव्हतं. आजोबा स्वतः चढतील, असं तिचं चित्र होतं. मुलं हे बरोबर पकडतात. चूक होते ती आपल्याकडे, कल्पनेचं वाक्य करताना.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. मुलांना खेळण्याचा हक्क आहे, असं बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं ३१ वं कलम सांगतं आणि भारताने तो करार १९९२ मध्ये मान्य केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मनोरंजनासाठी आणि क्रीडेसाठी वेगळी कलमं आहेत. कागद आपल्याकडे आहेत. आता तुमच्यापैकी कोणी वास्तुरचनाकार असेल, कोणी नगरपालिकेत, कोणी माझ्यासारखा लोखंडवाला. तुमच्यासमोर असं काम आलं, तर मुलाला 'तू कुठे बसशील?' हे विचारण्याआधी एक प्रश्न विचारा. 'यात तू काय करशील?' उत्तर मिळालं की ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. मी ते लिहिलं नाही म्हणून माझे चार महिने गेले. माझं ठीक आहे. तिसरीतल्या मुलीचे चार महिने फार मोठे असतात.

चक्री अजून एकच आहे. ती बाजारात आलेली नाही. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, दोनदा बेअरिंग बदलावं लागलं. हे सगळं सुटेल.

न सुटणारी अडचण वेगळी आहे. ताई आता सहावीत आहे. उंची वाढली, गेल्या दिवाळीत नवी खुर्ची आली. तिची चाकं मोठी आहेत, दोन चाकांमधलं अंतरही जास्त आहे. ती आमच्या रोलरांच्या खोबणीत बसत नाही. तिच्यासाठी केलेल्या चक्रीवर आज तिलाच बसता येत नाही. हात चालणारी तिसरीतली एक छोटी मुलगी आता तिथे मध्यभागी असते.

मी तिला म्हटलं, वाईट वाटतंय गं मला. तिने दप्तरातून कागद काढला. नवं चित्र. रोलर पुढे-मागे सरकवायची सोय, दोन्ही बाजूंना खुणा, लहान खुर्ची, मधली खुर्ची, मोठी खुर्ची. या वेळी पट्टीने रेघा मारल्यात आणि मापं सेंटिमीटरमध्ये लिहिलीत. खाली कोपऱ्यात एक ओळ : 'काका, कधी?'

या खेपेला तारीख दिली आहे. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत. सोमवारपासून कटिंग सुरू होतंय.